मांडवातलं परराष्ट्र धोरण

मी आज जो काही आहे तो सुखदेव दाजींमुळे आहे; आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीचं लग्न ज्याच्यामुळे मांडवाच्या दारात अडकलं, तोही मीच आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोहिणखेडला त्यांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा. आमच्या सात पिढ्यांत (मोजता येणारं कोणी नव्हतं, म्हणून सात) कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बारावीनंतर वडील मला वीटभट्टीवर धाडायला निघाले होते. दाजी मोटरसायकलवरून आले आणि चहाही न घेता म्हणाले, "बाबा, हा पोट्टा मले द्या. याले मी शिकवतो." वडिलांनी एखादी शेळी द्यावी तसं मला देऊन टाकलं. बुलढाण्याच्या कॉलेजात नाव घालण्यापासून डोळ्यांवरच्या चष्म्यापर्यंत पुढचं सगळं दाजींनी केलं.

पण शिक्षणाचा एक तोटा मला आधी कोणी सांगितला नव्हता. जसजसा मी शिकत गेलो, तसतसं घरात माझ्याशी भांडायचं बंद झालं!

पूर्वी दाजी मला "काऊन बे बबन्या, डोक्यात भुसा भरला काय तुह्या?" असं प्रेमाने विचारत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी 'बबनराव' झालो. (थोडा दोष माझाही. मी 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलायला लागलो होतो. माणूस शुद्ध बोलायला लागला की लोक त्याला खुर्ची देतात आणि स्वतः दुसरीकडे जाऊन बसतात.) मी तोंड उघडलं की सगळ्यांच्या माना हलायच्या. एकदा मुद्दाम परीक्षा पाहिली.

"दाजी, बेसन तुरीच्या डाळीचं करतात ना?"

ज्या माणसाने आयुष्यभर लग्नाच्या पंगती पाहिल्या, त्याने क्षणभर डोळे मिचकावले. मग म्हणाले, "असंल. तुमी वाचेल असंल कुठी."

ताई हरभऱ्याच्या डाळीचा डबा हातात घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि डब्यावर झाकण लावून आत निघून गेली. तीही भांडली नाही! भरल्या घरात इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी कॉलेजने मला अमरावतीच्या वादविवाद स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. स्पर्धेच्या समितीत म्हणे दोन प्राध्यापक होते. एकांना अंमली पदार्थांवर विषय हवा होता, दुसऱ्यांना परराष्ट्र धोरणावर. दोघांचं मन राखण्यासाठी विषय निघाला तो असा : 'अंमली पदार्थांना सरकारने कायदेशीर मान्यता द्यावी, आणि त्यांच्या नावाखाली एका देशाने दुसऱ्या देशात फौज घालू नये.' चिठ्ठी टाकली तर मला अनुकूल बाजू आली. मला! पानातल्या कतरी सुपारीनेही ज्याला घेरी येते, त्याला!

आमचे सर म्हणाले, "बोलतोस बरा. पण कोणी उलटून बोललं की बावचळतोस. तुला विरोधाची सवय नाही. घरी जाऊन कोणाशी तरी वाद घाल."

घरी! सरांना आमचं घर माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात दाजींच्या धाकट्या बहिणीचं, संगीताचं, लग्न होतं. मी रोहिणखेडला पोहोचलो तेव्हा दाजी मांडवाचे बांबू बांधत होते. मी बांबू धरला आणि विषयाला हात घातला.

"दाजी, मी म्हणतो, सरकारने गांजावरची बंदी उठवावी."

सुतळी थांबली. "गांजावरची?"

"हो. आता तुम्ही विरोध करा."

"मी कायले विरोध करू? तुमी एवढे शिकले. उठवावी म्हणता तं उठवावी."

"अहो, पण पोरं बिघडतील ना?"

"बिघडतीन तं खरी," दाजी जोरात म्हणाले, मग जीभ चावून, "पण तुमी म्हणता तं नाई बिघडनार."

"बरं. गांजाच्या नावाखाली एखाद्या मोठ्या देशाने लहान देशात फौज पाठवली तर?"

"पाठवावी."

"नाही दाजी! पाठवू नये, ही माझी बाजू आहे."

"मंग कायले पाठवाव? उगा डिझेल जाते."

तेवढ्यात ताई बाहेर आली आणि दाजींवरच ओरडली, "त्याले काऊन तरास देऊन राह्यले? परीक्षा हाय त्याची!"

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड देऊळगाव राजाहून यायचं होतं आणि ते येत नव्हतं. पत्रिकेतली वेळ कधीच टळली होती. मंचावर प्रतिमांसमोर मेणबत्त्या मांडून ठेवलेल्या होत्या. लग्न लावायला आलेले भंतेजी डोळे मिटून शांत बसले होते (त्या मांडवात शांत असलेले ते एकटेच). आमच्याकडच्या लग्नांत वऱ्हाडाची वाट रिकामी पाहायची नसते. माइक चालू ठेवायचा असतो. सरपंच बोलून झाले, माजी सरपंच बोलून झाले, होऊ इच्छिणारे सरपंच बोलून झाले. मग माइक मोकळा पडला. मोकळा माइक पाहिला की दाजींचा जीव खालीवर होतो.

"आता आमचे साळेभाऊ, आमच्या खानदानातले पयले ग्रॅज्युएट, बबनराव दोन शब्द मार्गदर्शन करतीन!"

(तेव्हा माझी परीक्षाही झालेली नव्हती. पण दाजींनी निकाल लावून टाकला होता.)

मी माइक हातात घेतला आणि समोर पाहिलं. एवढी माणसं! एवढ्यांत एकतरी आपल्याला विरोध करील, या आशेने मी सुरुवात केली.

"माझी नम्र विनंती आहे, की माझं बोलणं पटलं नाही तर कोणीही उठून मला खोडून काढावं!"

टाळ्या!

"बंदी घालून नशा थांबत नाही, ती फक्त लपते!"

टाळ्या! पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "साजरा बोलते वं पोट्टा."

मी चिडलोच. म्हटलं, आता असं बोलतो की एकतरी चप्पल येईल. "म्हणून मी सरकारला बजावून सांगतो, गांजाला मान्यता द्या!"

सगळ्या मांडवाने आधी दाजींकडे पाहिलं. मग दाजींनी एक टाळी वाजवली. आणि दाजी वाजवतात म्हटल्यावर सगळ्यांनी वाजवल्या!

यापुढे जे झालं त्याला तीन कारणं. पहिलं, दाजींनी एक कर्णा रस्त्याकडे तोंड करून लिंबाच्या झाडावर बांधला होता. दुसरं, वऱ्हाडाचा डीजे वेशीवरच बंद पडला, त्यामुळे वरात मुकाट चालत होती आणि त्या कर्ण्यातला शब्द न् शब्द ऐकत होती. तिसरं, मी रंगात आलो की डोळे मिटतो.

"पाहा त्या तरुणांकडे!" मी मिटल्या डोळ्यांनी दाराकडे बोट केलं. "डोळे लाल झालेले, पाय लटपटणारे, एकमेकांचा आधार घेत चाललेले! त्यांना गुन्हेगार म्हणू नका. ते रोगी आहेत. त्यांना दवाखान्यात न्या!"

सगळ्या मांडवाने माना वळवून दाराकडे पाहिलं. दारात नवरदेवाचे मित्र उभे होते. बिचारे उन्हात नाचून लाल झालेले, पाय भरून आलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले. त्यांच्यातल्या एकानेही चहापलीकडे काही घेतलं नव्हतं!

मला काय कल्पना? मी विषयाच्या दुसऱ्या भागाकडे वळलो.

"आणि कारण काहीही सांगो, जी फौज वाजतगाजत दुसऱ्याच्या दाराशी येऊन उभी राहते, तिला आत पाऊल टाकायचा कोणताही अधिकार नाही! तिने आल्या पावली परत जावं!"

या वेळी टाळी एकच वाजली, पुढच्या रांगेतल्या त्या म्हातारीची. मी डोळे उघडले.

"थांबा!" दारातून आवाज आला. नवरदेवाचे मामा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोहोचणारा तो आवाज, त्याला माइकची गरज नव्हती. "कोणी आत जायचं नाही! आपल्याला परत जायला सांगायलेत!" आणि नवरदेवाची सुटकेस मांडवाच्या दारात आडवी टाकून ते तिच्यावर बसले.

दाजी धावले. हात जोडले. "मामा, गैरसमज झाला. तो तुमच्याबद्दल नाई बोलला."

"मग कोणाबद्दल बोलला?"

"तो... दुसऱ्या देशाबद्दल बोलून राह्यला."

"देऊळगाव राजा दुसरा देश हाय का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी शिकलेला होतो. वायर ओढत, माइकसकट मी दारात गेलो.

"मामा, शांतपणे समजून घ्या. मी फक्त अनुकूल बाजू मांडत होतो."

"कशाला अनुकूल?"

"गांजाला."

कर्ण्यातून हे उत्तर साऱ्या रोहिणखेडने ऐकलं. मामा सुटकेसवरून उठले. मला वाटलं, आता मार बसतो. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला.

"दारूला परवाना हाय ना? दुकानावर बोर्ड हाय, सरकारला कर जातो. मग माझ्या गाडीत जो पिऊन चढायचा, तो काय कायदेशीर ओकायचा का?"

मांडव हसला. माझ्या अंगावर काटा आला. दुखावलो म्हणून नव्हे. दोन वर्षांत कोणीतरी मला पहिल्यांदा खोडून काढलं होतं! मी माइकमध्ये डोकं घातलं.

"पण मामा, बंदी असती तर तो चोरून विषारी प्याला असता आणि मेला असता!"

"अन् मेला नाही म्हणून त्याची बायको काय पेढे वाटायची?"

"म्हणूनच म्हणतो, कराचा पैसा त्याच्या उपचाराला लावा!"

"लावला का आजवर कोणी? दवाखान्यात गोळी मिळंना, अन् नशा सोडवायलेत!"

एका बाजूला "बरोबर हाय!" उठलं, दुसऱ्या बाजूला "अरे, पोट्ट्याचं बी ऐका!" उठलं. मांडवात सरळ दोन तट पडले. माइक एकच असल्याने मी आणि मामा गालाला गाल लावून भांडत होतो. मला तर एवढं आपलं माणूस त्या क्षणी दुसरं कोणी वाटत नव्हतं.

"अन् शेजारच्या घराला आग लागली," मामा म्हणाले, "तर पाणी टाकायला आम्ही परवानगी मागत बसायचं का?"

"पाणी जरूर टाका, मामा! पण आग विझवायच्या निमित्ताने आत शिरलेला पाहुणा मग घरच बळकावतो, आणि वर विहीरही स्वतःच्या नावावर करून घेतो!"

आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं वाक्य मी मुलीकडच्या दारात उभं राहून मुलाकडच्या मामांना ऐकवलं.

मागून नवरदेवाची आई कडाडली, "आम्ही घर बळकावायला आलोय? ऐकलं का हो? चला, गाडी फिरवा!" वऱ्हाड खरंच फिरलं. मुलं चपला शोधू लागली. आतून बायकांचा गलका उठला. मी दाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बहिणीच्या लग्नासाठी त्या माणसाने वर्षभर दुसऱ्यांचे मांडव घातले होते, आणि स्वतःच्या मांडवाच्या दारातून वऱ्हाड परत चाललं होतं. आणि मग दाजी माझ्याकडे वळले.

"बस बे बबन्या!" ते गरजले. "गप बस! सरकारले कोणती नशा बंद करायची असंल नं, तं ह्या माइकाची करा म्हना! गांजा पेनारा एका जागी पडून तरी राह्यते. तू तं उभ्या गावाले चढवून राह्यला! डोक्यात भुसा भरला काय तुह्या?"

आणि मी, काय सांगू, मी गदगदून गेलो. दोन वर्षं! दोन वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो.

"दाजी," मी म्हणालो, "मुद्दा चांगला आहे तुमचा, पण त्याला माझं उत्तर असं आहे की—"

दाजींनी लाऊडस्पीकरच्या मशीनची पिनच उपटली.

माइक मेला तेव्हा कुठे सगळ्यांना नवरीचा आवाज ऐकू आला. संगीता केव्हाची मांडवाच्या मागच्या दारात येऊन उभी होती, पांढऱ्या साडीत, हातात हार घेऊन.

"दादा, कोणाचं बोलायचं राह्यलं असंल तं बोलू दे त्याले. फकस्त मले तवरक जेवायले वाढ. सकाळपासून उपाशी हाय मी."

वऱ्हाडातून पहिल्यांदा हसला तो नवरदेव. त्याने आपली सुटकेस उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही देशाचं पाहा. मी आत चाललो." आणि तो एकटाच आत आला. मागोमाग त्याचे लाल डोळ्यांचे मित्र आले. शेवटी नवरदेवाची आईही आली, कारण एकटीने गाडीत बसून राहायचं तर ऊन फार होतं. मामा माझ्याजवळून जाताना थांबले. "पोरा, विहिरीचं बोललास ते चुकीचं नव्हतं. जागा चुकीची होती."

मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण झालं आणि सगळे उभे राहून भंतेजींच्या मागे पंचशील म्हणू लागले. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आलं. नशेच्या सगळ्या पदार्थांपासून दूर राहीन, हे ते पाचवं. भंतेजींनी ते सावकाश उच्चारलं, आणि डोळे किलकिले करून मंचावरून नेमकं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्हीकडच्या सगळ्या पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते शील मी इतक्या मोठ्या आवाजात म्हटलं, की पुढच्या रांगेतली म्हातारी दचकली.

लग्न लागलं, पंगती उठल्या, संगीता नांदायला गेली. मी सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. मनात ठरवत होतो, आज दाजींना सांगायचं, की असंच बोलत जा. तेवढ्यात तेच आले. माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बबनराव, चारचौघात मी तुमाले 'बे' म्हनलं. माफ करा. शिकलेल्या मानसाले असं बोलाव नाई."

"नाही हो दाजी," एवढंच मी म्हणालो. आणि हात सोडवून पुढची सतरंजी उचलली. अख्ख्या गावाला तास-दीड तास ऐकवणाऱ्या माझ्याकडून ते एक वाक्य निघालं नाही. त्या दिवसापासून दाजी पूर्वीपेक्षाही जास्त मान द्यायला लागले.

अमरावतीला माझ्याविरुद्ध अकोल्याची एक मुलगी होती. तिने माझे मुद्दे असे काही धुतले, की मी भारावून माइकमध्ये म्हणालो, "तुमचं अगदी बरोबर आहे!" परीक्षकांनीही तेच मत नोंदवलं.

आता मी पुण्यात नोकरी करतो. ऑफिसात पहिल्या दिवशी तोंडून "मले माहीत नाही" निघून गेलं. टेबलाभोवतीचे सगळे गोड हसले. तेव्हापासून मी 'मला' म्हणतो आणि कमी म्हणतो. खोलीत आम्ही तिघं राहतो, तिघांच्या कानांत तीन वेगवेगळी यंत्रं. परवा बातम्यांत पुन्हा तोच विषय होता : एक मोठा देश, एक लहान देश, नशेचा माल आणि फौज. मी उठून बसलो. म्हटलं, "हे चूक आहे, नाही का?" खोलीतला एक जण म्हणाला, "चॅनल बदल ना यार." घरी मला विरोध नव्हता, कारण सगळे ऐकत होते. इथे विरोध नाही, कारण कोणी ऐकत नाही. दर रविवारी मी दाजींना फोन करतो. ते म्हणतात, "हाव, हाव, बरोबर हाय." मग आम्ही एकमेकांना जेवण झालं का विचारतो आणि फोन ठेवतो.

शेवटी काल दाजींना पत्र टाकलं. ते असं :

'प्रिय दाजी, जयभीम.

पत्र पाहून घाबरू नका, तब्येत ठीक आहे, नोकरीही आहे. फोनवरच बोललो असतो, पण माझं वाक्य संपायच्या आत तुम्ही "बरोबर" म्हणता. पत्राला तुम्हाला मध्येच बरोबर म्हणता येणार नाही.

संगीताच्या लग्नात तुम्ही माझी माफी मागितली होती. ती या पत्राने परत करतो आहे, कारण ती माझी नव्हती. त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात, तेवढं आपलेपणाचं मला त्यानंतर कोणी बोललेलं नाही. दाजी, तुम्ही मला शिकवलंत ते उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. पण शिकलो म्हणून माझ्या चुका संपल्या नाहीत. त्या फक्त जरा शुद्ध भाषेत व्हायला लागल्या. त्या तुम्ही काढणार नाही तर कोण काढणार? इथे माझी चूक काढावी इतका माझ्यावर कोणाचा हक्क नाही. मले अठी करमत नाही.

पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा मिळते आहे. येतो. ताईला सांगा, गोडधोड काही करू नको, मी पाहुणा म्हणून येत नाही, भांडायला येतो आहे. विषय तुम्ही ठरवा. गांजा घ्या, फौज घ्या, नाहीतर सरळ माझं लग्न का जमत नाही हा घ्या. बाजूही आधी तुम्हीच निवडा. उरलेली मी घेतो. मी कोणत्याही बाजूने हरू शकतो, दाजी. एवढं एक कौशल्य मात्र मी पूर्ण स्वतःच्या मेहनतीने मिळवलं आहे.

तुमचा,
बबन'